मदत हवी आहे : इंग्रजी ‘लेट’ (let) म्हणजे ‘अडवणे’, हा अर्थ ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी, आपल्या पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते, धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे. हा ‘लेट’ म्हणजे नेहमीचा ‘करू देणे’ नव्हे, तर अडथळा! जुन्या इंग्रजीत अडवण्यासाठी ‘लेत्तान’ आणि मुभा देण्यासाठी ‘लॅतान’ अशी दोन वेगळी क्रियापदं होती. पुढे दोन्हींचं रूप एकच झालं. शेक्सपिअरच्या नाटकात भुतामागे निघालेला हॅम्लेट धमकावतो, मला जो ‘लेट’ करील त्याचंच भूत करीन. १६११च्या इंग्रजी बायबलमध्येही तोच अर्थ. असे उलट अर्थ शतकानुशतकं शेजारी नांदले, हे मला फार विलक्षण वाटतं. मग ऐकणारा फरक कशावरून ओळखत असेल, वाक्यरचनेवरून? मध्ययुगीन इंग्रजी शिकलेलं कुणी इथे असेल तर प्रत्यक्ष वापरातली दोन-चार वाक्यं उलगडून सांगाल का?