आधी दार, मग अँप्लिफायर
कॅम्पर व्हॅनमध्ये आवाज पोकळ येतो म्हणून मोठा अँप्लिफायर घेताय? जरा थांबा. आमचंही हेच रडगाणं होतं. पुण्याच्या नाना पेठेतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी जाड चिकट शीट) आणली, दाराच्या पत्र्याला आतून चिकटवली, स्पीकरभोवतीच्या फटी बुजवल्या. (दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मोकळीच ठेवा.) खंबाटकी घाटातली खडखड थांबली आणि बेस त्याच जुन्या स्पीकरमधून आला! एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली तरी बेस गायब होतो, तेही तपासा. आमच्या फिटरने उलटीच लावली होती.

तरीही अँप्लिफायर हवाच असेल तर वायर थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीजवळच. १२ व्होल्टवर १२० वॅट ओढले तर १० अँपिअर जातात. मुक्कामी रात्रभर मैफल रंगवलीत तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधाल.