इन्सुलिन म्हणजे कुबडी? 'माणूस बरा करणाऱ्यां'ना माझं उत्तर

चाळीसगावचा मेडिकलवाला
काल आमच्या गावच्या ग्रुपवर एका 'समग्र आरोग्य शिबिरा'ची पोस्ट फिरली. मजकूर असा: 'दवाखाना रोग दाबतो, आम्ही माणूस बरा करतो. इन्सुलिन ही कुबडी आहे. मनातला राग सोडा, साखर आपोआप उतरेल.' खाली फी, तीही आगाऊ. आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. हात जोडणाऱ्यांत एक असा होता जो दर महिन्याला माझ्या काउंटरवरून मुलीसाठी इन्सुलिन नेतो. मुलगी शाळेत आहे, टाइप वन मधुमेह. म्हणून हे लिहितोय.

टाइप वनमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराने स्वतःच मारलेल्या असतात. तिथे राग सोडा, लोभ सोडा, नाहीतर सरळ संन्यास घ्या, त्या पेशी परत येत नाहीत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, म्हणजे थोडं जास्त जगतील. आयांची माया, देव, नवस सगळं तेव्हाही होतं. नव्हतं ते फक्त इन्सुलिन.

माझं म्हणणं सोपं आहे. आधी रोग. माणूस जिवंत राहिला तर त्याच्या मनाचं काय ते बघू. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखणं गुन्हा आहे. साखरवाल्याला रोखणं कशात बसतं? कोणी वकील असेल तर सांगा.

धुळे कोर्टातला
१९५४ चा जाहिरातींचा कायदा बघा, औषधं आणि जादुई उपायांचा. त्याच्या परिशिष्टात मधुमेह आहे. औषध, ताईत, मंत्र विकत 'मधुमेह बरा करू' अशी जाहिरात केली तर अडकतील. नुसतं 'राग सोडा' म्हटलं तर आमच्यासारख्यांची चार तारखांची सोय. बाकी चालू द्या.

भुसावळची लेक
दादा, पोस्ट मूर्खपणाची आहे, त्यात वाद नाही. पण तुमचं 'मनाचं काय ते बघू' वाचून डोकं फिरलं. कोण बघतं हो? कधी?

माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, शेक, सगळं झालं. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी फाइल मिटली. 'क्लिअर आहे, सहा महिन्यांनी दाखवा.' पुढचा पेशंट आत. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, त्याचे व्यायाम असतात, हाताला घालायची घट्ट बाही मिळते, यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नाही. हात एवढा सुजला की बांगडी चढेना. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची होती, भाऊबंद जमले, रोटांचं दळण निघालं, आणि जी बाई तीस वर्षं जात्यावरची पहिली मूठ टाकायची ती माजघरातून उठली नाही. 'मी आता अर्धी बाई, मला नका बोलावू' म्हणाली. रिपोर्टमध्ये सगळं निल. झाली ना बरी तुमच्या हिशोबाने?

लोक त्या शिबिरात का जातात माहितीये? तो भोंदू समोर बसवून तासभर ऐकतो. खोटं का असेना, ऐकतो.

चाळीसगावचा मेडिकलवाला
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण हात सुजणं, व्यायाम, बाही, समुपदेशन, हे सगळं वैद्यकशास्त्रातच आहे. तुमच्या आईला उपचार अर्धवट मिळाले. तक्रार तेवढीच. त्यासाठी 'माणूस बरा करणं' असं वेगळं दुकान कशाला? ते उघडलं की गल्ल्यावर नेमका तासभर ऐकणारा बसतो.

भुसावळची लेक
वेगळं दुकान नकोच आहे मला. त्याच दुकानात, त्याच फीमध्ये द्या. आणि 'तेवढीच' हा शब्द जरा जपून वापरा.

अमळनेरचे गुरुजी
मेडिकलवाले भाऊ आकडे मागतील म्हणून आकडेच देतो. २०११ साली बोस्टनमध्ये दम्याच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना आळीपाळीने खरा पंप, खोटा पंप, खोटं ॲक्युपंक्चर दिलं, आणि एकदा काहीच दिलं नाही. किती बरं वाटलं विचारल्यावर उत्तरं आली: खऱ्या पंपाने ५० टक्के, खोट्या पंपाने ४५, खोट्या सुयांनी ४६, आणि काहीच न देता २१. म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी काही करतंय, एवढ्यानेच माणसाला उतार वाटतो. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, परिचारक, रोगी. तुम्ही एकाच पायावर उभे आहात.

चाळीसगावचा मेडिकलवाला
गुरुजी, त्याच प्रयोगातला दुसरा आकडा कुठे गिळलात? फुंकर मारायचं यंत्रही होतं तिथे. खऱ्या पंपाने श्वास २० टक्क्यांनी सुधारला, बाकी तिन्हींत ७ च्या आसपास. खोटा पंप आणि काहीच न देणं, फुफ्फुसाला सारखंच.

अमळनेरचे गुरुजी
गिळला नाही. मला तेच म्हणायचं आहे. फुफ्फुस एक सांगतं, माणूस दुसरं सांगतो. तुम्ही फक्त फुफ्फुसाचं ऐकता.

धडगाव एमओ
गुरुजी, माफ करा, पण हे वाक्य खुर्चीत बसून छान वाटतं. फुफ्फुस आवळलेलं असताना 'बरं वाटतंय' म्हणून घरी थांबलेला पेशंट रात्री दोनला झोळीतून माझ्याकडे येतो, ओठ निळे पडलेला. दम्यात खोट्या बरं वाटण्याने माणूस मरतो.

आता दुसरी बाजू, कारण मेडिकलवाले भाऊंनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. माझ्याकडे सिकलसेलची पोरं येतात, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. हायड्रॉक्सियुरिया देतो, फॉलिक ॲसिड देतो, पाणी भरपूर पी म्हणतो. बरा मात्र करू शकत नाही. अस्थिमज्जा बदलणं हा उपाय आहे, तो सातपुड्यातल्या कुठल्या पाड्याला झेपतो? सिकलसेल संपवायची राष्ट्रीय मोहीम २०२३ च्या जुलैत सुरू झाली, उद्दिष्ट २०४७. तोवर समोर बसलेल्या पोराचं काय? दरवर्षी ते घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायचं. दिवसा उन्हात, पाणी कमी, रात्री पालात थंडी. सिकलसेलच्या वेदना उठायला आणखी काय लागतं? मुकादम म्हणायचा, नाटकं करतो. शेवटी मी गोळी बदलली नाही, ग्रामपंचायतीत जाऊन बसलो आणि त्याला गावातच रोहयोचं हलकं काम लावून घेतलं. ॲडमिट होणं कमी झालं. भाऊ, हे तुमच्या कुठल्या खात्यात लिहू? औषध नाही, आणि मन शुद्ध करणंही नाही.

भगताचं कौतुक मात्र कोणी सांगू नका. तो घरात कोणाशी भांडण झालं हे विचारतो, मला ओपीडीच्या रांगेत ते विचारायला जमत नाही, हे खरं. पण तोच तान्ह्या लेकराच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देतो आणि ती जखम मी धुतो.

रावेरचे नाना
डॉक्टरसाहेब, तुम्ही कशाले ग्रामपंचायतीत जाता? माणूस बरा करायचं काम नातलगांचं हाय. माझ्या साडूचं बायपास झालं नाशिकले. आम्ही पिकअप भरून गेलो. भरीत-भाकरी, केळीची फणी, सगळं. साडू कॉटवर उठून बसला! डॉक्टरले जे जमलं नाही ते आम्ही केलं. आता पोरं व्हिडिओ कॉलवर 'काळजी घ्या मामा' म्हणतात न् ठेवून देतात. अशानं माणूस कसा बरा होईन?

भुसावळची लेक
नाना, पिकअप भरून! आईच्या पांढऱ्या पेशी केमोनंतर एकदम खाली आल्या होत्या. डॉक्टरांनी दारावर पाटी लावली होती. तरी आमच्याकडचे आलेच, त्यातल्या एका मावशींना सर्दी. तिसऱ्या दिवशी आई तापाने आयसीयूत. मावशी आजही सगळ्यांना सांगतात, 'मी भेटून आले म्हणून वाचली.'

पारोळ्याचा जावई
आणि नाही गेलं की? सासरेबुवांच्या हर्नियाला गेलो नव्हतो. आता कुठल्याही लग्नात पंगतीला बसलो की कोणीतरी म्हणतं, 'हाई देखा, पेशंटले पाहाले येत नहीत त्या जावाई.' हर्निया बरा झाला, टोमणे चालूच आहेत.

एरंडोलकर
भेटायला येणाऱ्यांसाठी चहा करून करून पेशंटची बायको आजारी पडते, त्यावर कोणी लिहा.

रावेरचे नाना
ताई, तुमच्या मावशीची सर्दी माझ्या माथी मारू नका. तोंडाले रुमाल बांधून गेलं तर काय होते?

जळगावची सिस्टर
मी डायलिसिस युनिटला आहे. नाना, रुमाल राहू द्या, ती फणी आधी घरी ठेवा. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, आणि शहाळ्यातही भरपूर. आमच्या दारात रोज नातलग काय घेऊन येतात? केळी आणि शहाळी! 'पौष्टिक आहे हो सिस्टर, एकच खाऊ द्या.' हिसकावून घेतलं की मी कजाग.

चाळीसगावचा मेडिकलवाला
बघा! हे झालं 'माणूस बरा करणं'. मायेने मारतात. सिस्टर, तुमचं हे फ्रेम करून दुकानात लावतो.

रावेरचे नाना
थांबा थांबा. केळीले बदनाम करायचं काम नाही! जळगावच्या केळीले २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, फुकट नाही मिळालं. इथं सगळ्यांच्या पोटापाण्याले केळी चालते न् बोलायची वेळ आली की विष? आधीच सीएमव्ही व्हायरसनं कोवळे बाग उपटून फेकले. वादळ आलं की घडासकट खोडं आडवी. बोर्डावर भाव एक, न् व्यापारी बांधावर येऊन देतो दुसरा. आता तुम्ही दवाखान्यातून पण हाकला!

जळगावची सिस्टर
नाना, सगळ्यांनी केळी खाऊ नये असं मी म्हटलं का? किडनीवाल्याने. नीट वाचा ना.

रावेरचे नाना
वाचलं. तुमच्यासारख्यांच्या अशा बोलण्यानंच भाव पडतात.

एरंडोलकर
भाव सिस्टरमुळे पडले. आता फक्त हेच ऐकायचं राहिलं होतं.

रावेरचे नाना
हसा. तुमचं काय जाते? दोन वर्षांपासून मले बीपीची गोळी चालू हाय. डॉक्टरनं एकाची दोन केली. मिठाचं विचारलं, तंबाखूचं विचारलं. माल कापणीले आला का, बँकेचा हप्ता कधी, हे कोणीच विचारलं नाही. भाव पडला त्या आठवड्यात बीपी वर, हे मी डायरीत लिहून ठेवलं हाय. तुमच्या मेडिकलमध्ये भाव वाढवायची गोळी हाय का भाऊ?

चाळीसगावचा मेडिकलवाला
नाही नाना. असती तर मी आधी कपाशीवाल्यांना विकली असती.

भुसावळची लेक
विनोद करून सुटू नका. नानांनी जे सांगितलं तेच मी मघापासून सांगतेय.

अमळनेरचे गुरुजी
आणि मीही.

धडगाव एमओ
गुरुजी, तुम्ही खोट्या पंपाचं सांगत होतात, ते वेगळं. नाना, तुमच्या बीपीचं उत्तर माझ्याकडे नाही, पण दोन गोळ्या भाव वाढला तरी सोडू नका. लकवा भाव बघून येत नाही.

ताईंसाठी लिहितो. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग वयाच्या तिशीत शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी मरणाऱ्या रुग्णांसाठी हॉस्पिस काढलं. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, घरादाराची, श्रद्धेचीही असते असं त्या म्हणायच्या. पण लक्षात घ्या, मॉर्फिन वेळेवर आणि नियमित देण्याबद्दल त्या तितक्याच कडक होत्या. नुसता हात हातात घेऊन बसल्या नाहीत. आपल्याकडे केरळात १९९३ पासून कोझिकोडवाल्यांनी हे उभं केलं, गावातले साधे लोक शिकून पेशंटच्या घरी जातात. खान्देशात ते का नाही, यावर भांडा ना.

चाळीसगावचा मेडिकलवाला
बरं, मॉर्फिनसकट असेल तर चालेल मला. ताई, तुमचं खातं उघडा. अट एकच, दारावर पाटी: 'इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्यांनी आत येऊ नये.' तुमच्या शिबिरवाल्यांना मात्र माझा शून्य पाठिंबा.

भुसावळची लेक
'तुमच्या' शिबिरवाल्यांना? मी कधी म्हटलं ते माझे? दादा, तुम्ही हरलात की असंच करता वाटतं.

पारोळ्याचा जावई
कसाले भांडतस भो, दोन्ही एकच सांगी राहिनात.

रावेरचे नाना
माझं कोणी ऐकलं नाही. सिस्टर, एक सांगा. भाचाच हाय माझा, डायलिसिसवर, तुमच्याच जळगावात. केळी नाही, शहाळं नाही, गर्दी नाही. मग मामानं जायचं काय घेऊन?

जळगावची सिस्टर
गाडी घेऊन जा. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर असतो तो, सुटल्यावर चक्कर येत असते आणि एसटीत उभं राहून गावी जातो. एक वार तुम्ही धरा, तेवढ्या दिवशी त्याच्या बायकोची मजुरी बुडणार नाही.

रावेरचे नाना
मंगळवार धरतो. पिकअप चालेल ना? तिले एसी नाही.