मंडळाची उरलेली वर्गणी दिव्यांग निर्वासितांसाठी द्यावी का?

झाडीपट्टीकर

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. यंदा गणेश मंडळाने डीजे लावला नाही, त्यामुळे महाप्रसादाचा खर्च जाऊनही बऱ्यापैकी रक्कम शिल्लक आहे. त्यातला अर्धा वाटा दिव्यांग निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावा, असं मी बैठकीत सुचवलं आणि सरळ दोन तट पडले. पुढच्या बैठकीआधी बाहेरच्या लोकांचंही मत ऐकावं म्हणून इथे विचारतो आहे.

माझ्या मनात हँडिकॅप इंटरनॅशनल ही संस्था आहे. 1982 साली थायलंडच्या सीमेवर कंबोडियन निर्वासितांच्या छावण्यांत दोन फ्रेंच डॉक्टरांनी तिचं काम सुरू केलं. सुरुंगावर पाय पडून पाय गेलेली माणसं तिथे शेकड्यांनी होती आणि युरोपातले महागडे कृत्रिम पाय त्यांच्या कामाचे नव्हते. म्हणून बांबू, लाकूड, चामडं असं हाताशी मिळेल ते वापरून पाय बनवायला छावणीतल्याच लोकांना शिकवलं. 2018 पासून संस्थेच्या जागतिक संघाचं नाव ह्युमॅनिटी अँड इन्क्लूजन असं आहे. आज ती साठेक देशांत काम करते.

आमच्या तालुक्यात निर्वासित कोण हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंही आहेत. 2024 च्या अखेरीस जगात घरदार सोडून पळावं लागलेल्यांची संख्या 12 कोटी 32 लाख होती. जगात दर सहा माणसांत एक दिव्यांग असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यावरून छावण्यांमध्ये किती दिव्यांग असतील याचा अंदाज करा. सगळं गाव पळतं तेव्हा चालता न येणाऱ्याला कुणीतरी पाठीवर घेतं, नाहीतर तो मागेच राहतो. छावणीत पोचला तरी रेशन रांगेत उभं राहून मिळतं, पाणी उताराखाली असतं, आणि कर्णा वाजला तरी बहिऱ्या माणसाला कळत नाही.

आत्ताच का, तर पैसा आटलाय. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत गोठवली आणि 1 जुलैला यूएसएड हे खातंच बंद केलं. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्यांचं रेशन मार्चमध्ये माणशी महिना साडेबारा डॉलरवरून सहा डॉलरवर आणायची तयारी झाली होती. शेवटी ते बारावर टिकलं. खायच्या पैशाची ही गत असेल, तर व्हीलचेअर आणि फिजिओथेरपीवर कुऱ्हाड आधी पडणार.

वऱ्हाडचा कास्तकार

सर, तुमच्या मनाबद्दल मले काहीच शंका नाही. पण गावची वर्गणी देशाबाहेर जाणार, हे मले पटत नाही.

माह्या गावात एका पोराचा हात थ्रेशरमध्ये गेला. एकाचा पाय करंट लागून गेला, शेतातल्या मोटरीचा. त्याईले निराधारचे पैसे येते, तेही कधी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. बच्चू कडूंनी जून 2025 मध्ये गुरुकुंज मोझरीले अन्नत्याग केला, मागणी दिव्यांगाले महिन्याले सहा हजाराची होती. त्यानंतर दीड हजाराचे अडीच हजार झाले. अडीच हजारात काय होते सांगा. दवाखान्याच्या एका चकरेले गाडीभाड्यातच पाचशे जाते.

वर्गणी कोण देते? रोजीले जाणारी बाई पन्नास रुपये देते. तिनं गणपतीसाठी देल्ले. तिच्या शेजारचा दिव्यांग उपाशी अन तिचे पैसे कंबोडियाले, हे तिले कसं सांगता तुम्ही?

मुलचेऱ्याची

मी त्या बंगाली कुटुंबांतलीच. आजोबा पूर्व पाकिस्तानातून निघाले, रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहिले आणि मग गडचिरोलीच्या जंगलातल्या गावात आले. तेव्हा जिल्हा चांदा होता.

माझ्या आत्याला पोलिओ होता. कॅम्पातल्या ज्या गोष्टी आजी सांगायची, त्यात आत्याचीच सगळ्यात जास्त. तंबूपासून संडास लांब होता, म्हणून आत्या दिवसभर पाणी प्यायची नाही. आजीने तिला उचलून न्यायचं ते अंधार पडल्यावरच. डोलची, म्हणजे मदतीच्या धान्याची, रांग लागली की आजी तिला कडेवर घेऊन उभी राहायची, कारण माणूस डोळ्यांपुढे दिसला नाही तर त्याचं धान्य कापलं जाईल ही भीती. जमीन वाटली तेव्हाही कुटुंबातले कमावते हात मोजले गेले. आत्या कुणाच्या मोजणीत नव्हती.

मोझरीला उपोषण करता येतं, कारण आपल्याला मत आहे, आमदार आहे. निर्वासिताचं ऐकायला कोण आहे? आपल्या देशाने तर 1951 च्या निर्वासित करारावर सहीही केलेली नाही. त्यामुळे झाडीपट्टीकरांच्या बाजूने माझं मत.

हिशेबनीस, चंद्रपूर

भावनेच्या चर्चेत मध्येच कागदाचं बोलतो, कारण मंडळ अडचणीत येऊ शकतं. गणपतीची वर्गणी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन गोळा होते आणि ज्या कामासाठी घेतली त्याचा हिशेब द्यावा लागतो. मंडळ नोंदणीकृत न्यास असेल आणि पैसा भारताबाहेरच्या कामावर खर्च केला, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या रकमेवर करसवलत मिळत नाही. व्यक्ती म्हणून कुणाला स्वतःच्या खात्यातून परदेशी संस्थेला देणगी पाठवायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसतं. मात्र देणगीवरची करसवलत मिळणार नाही.

कंपन्यांकडून आशा ठेवू नका. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा, 2 टक्के निधी भारतातच खर्च करायचा असतो. थोडक्यात, मंडळाच्या नावाने नको, ज्याला द्यायचे त्याने स्वतःच्या नावाने द्यावेत.

वऱ्हाडचा कास्तकार

मुलचेऱ्याच्या ताई, तुमच्या आत्याचं वाचून जीव तुटला. पण तेच मी म्हणतो. गावातही असे लोक हायेत जे कोणाच्या मोजणीत नाही. गडचिरोली-गोंदियाचा सिकलसेल घ्या. 2016 च्या कायद्यात तो दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत हाये. किती जणाईपाशी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, हाये? पोराले सांधे धरून रडताना पाहिलं का कोणी?

अन दुसरं. ह्या मोठ्या संस्थाईचं ऑफिस, गाड्या, पगार. शंभर रुपये टाकले त पायापर्यंत किती पोचते? हे पहिले सांगा.

पायाचा कारागीर

शंभरातले किती पोचतात, याचं उत्तर मी माझ्या कामातून देतो. वर्धा जिल्ह्यात कृत्रिम पाय बसवायचं काम करतो.

पाय ही वस्तू एकदा दिली आणि संपलं, अशी नसते. गुडघ्याखाली पाय कापला की उरलेला भाग पहिल्या वर्षभर बारीक होत जातो. आज मापात बसलेली वाटी, म्हणजे सॉकेट, काही महिन्यांत सैल पडते. मग माणूस काय करतो? घरातलं जुनं लुगडं फाडून त्याच्या पट्ट्या आत कोंबतो. माझ्याकडे आलेल्या एका धान लावणाऱ्या बाईने पाय काढला तेव्हा आतून चिंध्यांचा ओला गोळा निघाला. बांधीतल्या पाण्याने भिजलेला, वास मारणारा. खाली हाडाच्या टोकावर रुपयाएवढी जखम. पाय तिला एका शिबिरात मिळाला होता, फोटोसकट. नंतर माप पाहायला कुणी फिरकलं नाही. आम्ही पुन्हा प्लास्टर घेतलं, ठसा घासला, नवी वाटी ओढली. जखम भरेपर्यंत तिला तो घालता येणार नव्हता, म्हणजे त्या वर्षीची रोवणी गेली.

वाढत्या मुलाला तर दरवर्षी, कधी त्याआधीच, नवा पाय लागतो. मोठ्या माणसाला तीन ते पाच वर्षांनी. म्हणजे खरी किंमत पायात नाही. माप घेणारा, दुरुस्ती करणारा, तोल शिकवणारी फिजिओ, गावोगाव जाणारी गाडी आणि कुणाची तारीख कधी आहे ते लिहून ठेवणारा माणूस, यांत आहे. कास्तकारभाऊ, तुम्ही ज्याला पगार आणि गाड्या म्हणता, तेच बहुतेक वेळा काम असतं. संस्थेला विचारायचा प्रश्न माझ्या मते वेगळा: दोन वर्षांनी या माणसाची वाटी कोण बदलणार?

छावणीत हे अजून अवघड. लोक हलतात, छावणी हलते. कागद हरवतात. म्हणूनच कंबोडियाच्या सीमेवर छावणीतल्याच माणसांना कारागीर केलं, हे मला त्या संस्थेचं सगळ्यात मोठं काम वाटतं. ती माणसं जिथे गेली तिथे हुनर गेला.

मेळघाट पायवाट

कारागीर दादांचं शंभर टक्के खरं. तरी माझा विरोध आहे, आणि कारण वेगळं आहे.

मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या पैशाचा मोठा वाटा सरकारांकडून येतो. अमेरिका, युरोपीय संघ, फ्रान्स. एका सरकारने नळ बंद केला की अर्धं काम कोरडं. 2025 मध्ये तेच झालं ना? आपल्या गावच्या पाच-दहा हजारांनी ती पोकळी भरणार नाही. तेच पैसे धारणीच्या रस्त्यावरच्या छोट्या संस्थेला वर्षभर तगवतात.

छोट्या संस्थांवर काय वेळ आलीय ते सांगते. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. आधी मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन त्यातला वाटा आमच्यासारख्यांना देऊ शकायची, ते पूर्ण बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. त्यात ऑफिसचं भाडं, हिशेबनीस, गाडीचा खर्च सगळं धरलं जातं. मेळघाटात गाडीशिवाय कोणत्या दिव्यांगापर्यंत पोचणार? आमच्या शेजारच्या एका संस्थेने फिजिओचं फिरतं काम थांबवलं. पाड्यावरची सेरेब्रल पाल्सीची पोरं आता घरातच पडून आहेत. हात-पाय आखडत चाललेत.

विदर्भात अशा कामाची परंपरा आहे. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. दूरच्या संस्थेला द्यायच्या आधी आपल्या भागातल्या कामांना हात द्या.

कुरखेड्याहून

आमच्या भागात सुरुंग ही पेपरातली बातमी नव्हती. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला, 15 जवान आणि गाडीचा चालक गेले. अशा स्फोटांतून जे वाचतात, त्यांचं पुढे कुणी लिहीत नाही.

हँडिकॅप इंटरनॅशनल नुसते पाय वाटून थांबली नाही. पाय बसवता बसवता त्यांच्या लक्षात आलं की सुरुंग पेरणं थांबलं नाही तर हे काम कधी संपणारच नाही. सुरुंगबंदीच्या जागतिक मोहिमेच्या संस्थापकांत ती होती आणि 1997 चं नोबेल शांतता पारितोषिक त्या मोहिमेला मिळालं. त्याच वर्षी सुरुंगबंदीचा ओटावा करार झाला. भारत त्यात नाही. पाय देणं आणि पाय जाऊच नये म्हणून भांडणं, ही दोन्ही कामं एका छताखाली करणारी संस्था मला आपल्याकडे दिसत नाही. म्हणून रक्कम लहान असली तरी जावी, असं मला वाटतं.

वऱ्हाडचा कास्तकार

कारागीरभाऊ, पगाराबद्दलचं पटलं. दोन वर्षांनी वाटी कोण बदलणार, हा प्रश्न मी आता आमच्याकडच्या शिबिरवाल्याईले विचारतो. पण गावची वर्गणी गावात, ह्यावर मी कायम हाये.

झाडीपट्टीकर

हिशेबनीसांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली, मंडळाच्या खात्यातून हे होणार नाही. बैठकीत मी आता असं मांडणार आहे. मंडळाची शिल्लक तालुक्यातल्या दिव्यांगांसाठी, पण शिबिराला नाही. कारागीर म्हणतात तसं दुरुस्ती आणि मापासाठी, आणि ज्याला केंद्रापर्यंत जायचं आहे त्याच्या गाडीभाड्यासाठी. छावण्यांतल्या कामासाठी आम्ही काही जण स्वतःच्या खिशातून दरमहा देणार. एकदम पाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला शंभर रुपये आलेले अशा संस्थेला जास्त उपयोगी पडतात, कारण त्या भरवशावर कारागीर कामावर ठेवता येतो. देणगी देताना अमुकच देशासाठी, अमुकच वस्तूसाठी अशी अटही आम्ही घालणार नाही. जिथे नवी पळापळ होईल तिथे त्यांना ती वापरता आली पाहिजे.

मेळघाट पायवाट, तुमचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. सरकारं हात काढून घेतात म्हणून तर सामान्य माणसाच्या पैशाला महत्त्व येतं. त्यावर कुणाची निवडणूक अवलंबून नसते.

मेळघाट पायवाट

दरमहाचं ठीक आहे. पण गावातल्या कामाला मंडळाच्या पैशाआधी ग्रामपंचायतीला धरा. स्वनिधीतले, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करणं बंधनकारक आहे आणि बऱ्याच गावांत ते वर्षअखेरीला भांडी नाहीतर ब्लँकेट वाटून उरकतात. मागच्या वर्षांचा खर्च ग्रामसभेत लेखी मागा. तो पैसा गाडीभाडं आणि वाटीच्या दुरुस्तीला वळला, तर मंडळाची शिल्लक सेरेब्रल पाल्सीच्या पोरांच्या फिजिओसाठी मोकळी राहील.

वऱ्हाडचा कास्तकार

हे बरोबर बोलल्या ताई. आमच्याकडे गेल्या साली बादल्याच वाटल्या. ग्रामसभेत मी अर्ज देतो, मायना कसा लिहायचा तेवढा कोणी सांगा.