लक्ष्याला सिनेमाने मोठं केलं की अर्धाच दाखवला?

कुडाळ (धागाकर्ता)
आमच्या दशावतारी कंपनीत, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या कंपनीत, एक पोरगा संकासूर करतो, वेद चोरणारा राक्षस. काळा वेश, बाहेर लोंबणारी लाल जीभ, हातात संहिता नाही. मागच्या जत्रेत पुढ्यात एक तान्हं पोर रडायला लागलं. हा थांबला, खाली वाकला नि म्हणाला, "बाय गे, रडतंस कित्याक? तुझे वेद मी चोरूक नाय!" मंडप हसून लोळला. आता तो हंगाम अर्धवट सोडून मुंबईला निघालाय. "लक्ष्मीकांत बेर्डे झाले, तसाच मी होईन," म्हणतो. मला हे पटत नाही. लक्ष्या मुंबईच्या साहित्य संघात नोकरी करत नाटकांत बारीकसारीक कामं करत राहिला, १९८३ च्या 'टुरटुर' नाटकापर्यंत. तयार झालेला नट सिनेमाने उचलला नि एकाच साच्यात घातला.

रत्नागिरी
साफ असहमत. गणपतीत चाकरमानी व्हिडिओ भाड्याने आणायचे, खळ्यात रात्रभर 'बनवाबनवी' चालायचा. पार्वती झालेला लक्ष्या पदर सावरतो ना, तेव्हा आमच्या नमनात, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, बाई होणारे आजोबा म्हणाले होते, "ह्याला काम येतं." नुसत्या नाटकावर राहिला असता तर आमच्या वाडीपर्यंत कधी पोचला असता?

कुडाळ
पोचला, पण कोणता लक्ष्या पोचला? 'हम आपके हैं कौन'मध्ये घरगडी. १९९२ च्या 'एक होता विदूषक'मध्ये तमाशातला कलावंत सिनेनट होतो, ती त्याची ताकदीची भूमिका. पटकथा पुलंची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. लोकांना मात्र हसवणाराच हवा होता. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

मालवण
माका दोघांचाही पटाक नाय. मच्छिंद्र कांबळी, ह्यांचा नाव कसा विसरलास? त्यांचा 'वस्त्रहरण' नाटक १९८० सालात इला, पाच हजारांवर प्रयोग झाले. तात्या सरपंच मालवणीतच बोललो नि मराठी मुलखान आमची भाषा ऐकली. मोठा होवक पडदोच होयो असा नाय.

सावंतवाडी
माझा भाऊ वीस वर्षं दशावतारात आहे. कांबळींसारखा एखादाच. बाकीच्यांना नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती मिळते ते कोणी लिहिलं नाही. कार्तिकात कंपनी बाहेर पडते, पावसाच्या तोंडावर पेटारे बंद. मग चार महिने शेतात मजुरी नि दुकानात उधारी. पहाटे येतो तेव्हा रंग पुसायचंही त्राण नसतं, कानामागे तसाच राहतो. पडद्यावर घरगडी करून त्याची उधारी फिटणार असेल, तर मी स्वतः त्याला मुंबईच्या कोकणकन्या गाडीत बसवीन. त्या पोराला अडवू नका. तुम्ही बघायला येता, तो जगायला जातोय.

रत्नागिरी
ताई, अगदी बरोबर.

कुडाळ
ताई, पैशाचा विचार मी केला नव्हता, हे कबूल. लक्ष्याबद्दलचं मत मात्र बदलत नाही. पोराला आता 'जाऊ नको' म्हणणार नाही, एवढंच म्हणेन की वैशाखापर्यंत थांब, हंगाम पुरा कर. रोज नवं गाव, रोज नवे प्रेक्षक, ही तालीम मुंबईत कोण देणार? रविवारी वेंगुर्ल्याकडे प्रयोग आहे. तोंडाला रंग लावायच्या आधी त्याला गाठतो.

सावंतवाडी
नाइट वाढवून द्यायचं मालकांशी बोला, मग थांब म्हणा.