मदत हवी आहे: पालिकेच्या छोट्या शाळेत सहावीला घालण्याआधी काय तपासावं?

मंडळी, वस्तीतल्या पालकांसाठी महापालिकेच्या सहावी ते आठवीच्या छोट्या शाळेची पाहणी चालू आहे. शिक्षणहक्क कायद्याने 35 मुलांमागे 1 शिक्षक हवा, शिवाय गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना निदान एकेक. पट कमी असला की प्रमाण कागदावर सहज जुळतं. पण गणिताचं पद रिकामं असेल तर भाषेच्या बाईंनाच बीजगणित घ्यावं लागतं. म्हणून वेळापत्रकाशेजारी हजर शिक्षकांची नावं लावून बघतोय. वह्याही चाळतोय: लाल शेऱ्याखाली मुलाने गणित पुन्हा सोडवलंय का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हेही.

अडलंय ते इथे: आठवीनंतर मुलं नववीला खरंच कुठे जातात, हे मुख्याध्यापकांकडून नेमकं कोणत्या नोंदीतून मिळेल? आणि व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त कसं मागावं? अनुभवी शिक्षक-पालकांनी कृपया सविस्तर सांगा, प्रवेश तोंडावर आलेत.