कॅम्पिंगला 'छावणी' म्हणालो आणि सासुरवाडीत रामायण झालं

सोलापूरचा_जावई
मंडळी एक शब्द हवाय आणि जरा घाई आहे. बायकोच्या माहेरची सगळी फौज मे महिन्याच्या शेवटी उजनी धरणाच्या पाण्यावर एक रात्र तंबूत राहायला जायलीय, म्हणजे सासू-सासरे, दोन चुलतसासरे घरच्या सगळ्यांसकट, मेहुणे, मेहुणी, पुण्याचे साडू, वर आजेसासूबाई (त्यांना नाही म्हणायची हिंमत कुणी केली नाही). मेसेज लिहायचं काम माझ्या गळ्यात, का तर जावई लिहितो म्हणे. मी लिहिलं, 'उजनीकाठी कौटुंबिक छावणी, शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार.' मला वाटलं भारी जमलंय. लगेच मंगळवेढ्याच्या चुलतसासऱ्यांचा व्हॉइस मेसेज, "जावईबापू, दावी आमची आम्ही आणतो, वैरणीचं तेवढं बघा." झालं, सगळा ग्रुप खिदळायला लागला. सासरे म्हणाले 'मुक्काम' लिहा, मेहुणी म्हणाली दाजी कॅम्पिंगच लिहा की सरळ, साडूंनी 'निसर्ग शिबिर' सुचवलं. माझं म्हणणं अजूनही हेच आहे की छावणी शब्द बरोबर आहे, दुष्काळात जनावरांच्या चारा छावण्या निघाल्या म्हणून तो कायमचा जनावरांच्या नावावर करून द्यायचं कारण नाही. पण ऐकतंय कोण. तर हौसेनं तंबू ठोकून राहणं, याला आपला शब्द कुठला?

शब्दशुद्धी
शिबिर. यात चर्चेला जागाच नाही. संस्कृतात शिबिर म्हणजे सैन्याचा किंवा राजाचा तळच. तयार शब्द घरात असताना कॅम्पिंग कशाला?

शेंगाचटणी
शिबिर म्हटलं की मला आधी मोतीबिंदू आठवतो. नाहीतर रक्तदान, नंतर चहा आणि पारले-जी. आजेसासूबाई रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन येतील बघा.

मालदांडी
मी मंगळवेढा तालुक्यातलाच, त्यामुळं तुमच्या चुलतसासऱ्यांची बाजू घेतो. २०१२-१३ ला आमची जनावरं छावणीत होती आणि जनावरं होती म्हणजे आम्ही पण होतो. वडील आणि मी आलटून पालटून रात्री तिथंच. वरनं शेडनेट नाहीतर जुन्या साड्या बांधलेल्या, खाली शेण-मुताचा ओलावा, ट्रॅक्टरनं ऊस आन् वाढं आलं की गोंधळ, टँकरपाशी भांडणं. आमच्या शेजारच्या दाव्याला एक आजी तिच्या एका म्हशीसाठी सगळा उन्हाळा राहिली, तीन दगडाची चूल तिथंच. ज्यानं हे बघितलंय त्याला 'कौटुंबिक छावणी' वाचून हसू येणारच, आणि ते हसू पण जरा तिरकंच असतंय. शब्दकोशात काय लिहिलंय त्यानं फरक पडत नाही. सांगोला-मंगळवेढ्यात छावणी म्हणजे चारा छावणी, विषय संपला.

लष्कर_बझार
विषय कसा संपला बे. छावणी म्हणजे मूळ छप्पर घालणे, छावणे, शाकारणे यातला शब्द. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या आणि पावसाळ्यात नद्यांना पूर म्हणून एका जागी थांबायच्या, त्या पावसाळी मुक्कामाला छावणी म्हणायचे. आता मजा बघा, पाऊस जास्त म्हणून जी व्हायची ती आपल्या जिल्ह्यात पाऊस नाही म्हणून व्हायला लागली. शिवाय मंगळवेढेकरांनी तरी छावणीवर हक्क सांगू नये, तुमच्याच तालुक्यात ब्रह्मपुरीला औरंगजेब १६९५ ते १६९९ तळ देऊन बसला होता. माचणूरला जाऊन बघा, भीमेच्या काठावर किल्ला आहे. तीसुद्धा छावणीच, आणि पाण्याकाठचीच. जावईबुवांचा शब्द इतिहासाला धरून आहे.

मालदांडी
औरंगजेबाची छावणी आमच्या कुणाच्या तोंडात नाही हो, पुस्तकात आहे. आमच्या तोंडात २०१३ आन् २०१९ ची आहे. शब्द जिवंत माणसं वापरतात.

शब्दशुद्धी
सगळेच असं म्हणू लागले तर उद्या भाषा राहील का? आणि सासरेबुवांचा 'मुक्काम' अरबी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं का?

शेंगाचटणी
मग एसटीची मुक्कामी गाडी काय निवासी बस म्हणायची का लका.

पंढरीची_वाट
तळ शब्द कसा कुणाला सुचला नाही याचं नवल वाटतं. पालखी तळ आपल्या जिल्ह्यात पावलोपावली, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. पंढरपुरात ६५ एकरावर आषाढीला राहुट्या पडतात ते बघितलं तर तंबूत राहणं आपल्याला नवीन नाही हे कळेल. राहुटी म्हणजे घरंदाज तंबू, आत चार माणसं बसून भजन करतील एवढा. आणि माझ्या मते तळ हा तळ्यावरूनच आला. फौज असो वा दिंडी, पाण्याशिवाय थांबणार कुठं? तळ्याकाठी थांबले म्हणून तळ दिला. म्हणजे तुमच्या ट्रिपला 'उजनीतळ' एकदम फिट्ट.

लष्कर_बझार
उजनीतळ म्हणजे धरणाच्या बुडाशी. आजेसासूबाई आहेत सोबत, जपून.
आणि तळ-तळं ही व्युत्पत्ती नुसती कानाला गोड आहे. तळहात, तळपाय, तळमजला, विमानतळ यात पाणी कुठंय? तळ म्हणजे सपाट बूड, बैठी जागा. वाखरीच्या तळावर मी रिंगण बघितलंय, पाणी टँकरनं येतं.

पंढरीची_वाट
टँकर आत्ताचा. पूर्वी विहिरी-बारवा असतीलच की. मी माझं मत सोडणार नाही.

पद्माक्का
सोलापुरात बसून तुम्ही सगळे एकट्या मराठीतच शोधायलाय म्हणून बोलते. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड. तंबूला तेलुगूत गुडारम, कन्नडमध्ये गुडार. आमची आजी पूर्वभागात लग्नाचा मांडव पडला की मिश्र मराठीत म्हणायची, "गुडारम टाकला का रे?" आमच्या गल्लीत मराठी पोरं पण तोच शब्द बोलायची आणि त्यांना वाटायचं तो मराठीच आहे. लिहा की 'उजनीवर गुडारम', निम्म्या सोलापूरला कळतंय.

शब्दशुद्धी
मग अर्थ असा की मराठी सोडून काहीही चालेल.

पद्माक्का
असं कुठं म्हणाले मी. शब्द शेजारून उसना घेतला तर लगेच बाटतो का, एवढंच विचारायलेय.

भीमेकाठचा
तुमचं छावणी-शिबिर चालू द्या. मला वेगळं खटकतंय. सगळे तळं तळं म्हणायलेत, एकानं 'लेक कॅम्पिंग'चा फोटो टाकलाय, तो काढा. उजनी हे तळं नाही. तळं म्हणजे सिद्धेश्वर, कंबर, हिप्परगा. १९८० ला धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागं चढत गेलं, त्यात गावंच्या गावं गेली, आमचं पण गेलं. माझे वडील अजून त्या पाण्याला 'रान' म्हणतात. "आपल्या रानात बगळे बसलेत" म्हणजे पाण्यात बगळे बसलेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा लोक फोटो काढायला येतात आणि आमच्याकडची म्हातारी माणसं आपली विहीर कुठं होती ते हातानं दाखवत उभी राहतात. बॅकवॉटरला मराठी शब्द आहे, फुगवटा. पाटबंधारे खात्यापासून मासेमारापर्यंत सगळे फुगवटाच म्हणतात. तेवढा तरी बरोबर लिहा.

सोलापूरचा_जावई
भीमेकाठचे, तुम्ही म्हणताय ते माझ्या सासऱ्यांना तंतोतंत लागू आहे. त्यांचं मूळ गाव करमाळ्याकडचं, पाण्यात गेलेलं. मी मागं एकदा 'तळ्यावर जाऊ' म्हणालो तर गप्प बसले, नंतर बायकोनं सांगितलं की बाबांसमोर तळं म्हणू नका. म्हणूनच मुद्दाम उजनीकाठी लिहिलं होतं. पण 'फुगवट्यावर छावणी' हे वाचायला कसं वाटतं सांगा? पोट बिघडल्यासारखं.

शेंगाचटणी
🤣🤣 चुलतसासरे ओव्याची पुडी घेऊन येतील.

भीमेकाठचा
हसा. पण एक कामाचं सांगतो, शब्दापेक्षा महत्त्वाचं. मे अखेरीला उजनी वजामध्ये असणार, म्हणजे वापरायचं पाणी संपून नुसता मृतसाठा. धरणात एकूण ११७ टीएमसी, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, उन्हाळ्यात त्यातलंच पाणी राहतं, त्यामुळं काठ लांब आत गेलेला असतो. मधली जी उघडी पडलेली जमीन दिसते ती गाळपेर, तिथं लोक कलिंगडं-काकडी करतात. वरनं भेगा पडलेल्या दिसतात, वाटतं कडक आहे, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. तिथं तंबू ठोकू नका, खुंटी धरतच नाही. जुन्या काठावर, बाभळीच्या अलीकडं ठोका. आणि वळवाचं दिवस आहेत. चारनंतर पश्चिमेला काळं दिसलं की होडीचं नाव काढायचं नाही. मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वाऱ्यात उलटून सहा जण गेले, सगळ्यांना माहिताय.

सोलापूरचा_जावई
होडी आधीच रद्द केलीय, सासूबाईंनी एका वाक्यात. गाळपेर हा शब्द मात्र मला माहीत नव्हता, झकास आहे.

मालदांडी
मला एक वाटतं. आपल्याकडं तंबूत कोण राहतं बघा. फौज, वारकरी, ऊसतोडीवाले कोपीत, पालावरची माणसं, दुष्काळात आम्ही. सगळी गरजेनं नाहीतर व्रतानं. चांगलं सिमेंटचं घर, पंखा, कूलर सोडून कुणी उकाड्यात डास चावून घ्यायला पैसे देऊन जायचं, ही गोष्टच आत्ताची, म्हणून शब्द नाही. छावणी म्हणा, पाल म्हणा, राहुटी म्हणा, प्रत्येकाला आधीच कुणाचा तरी घाम लागलेलाय. कॅम्पिंगला तो नाही म्हणून पोरांना तो बरा वाटतो.

लष्कर_बझार
अर्धंच बरोबर. हौस काय नव्हती का? येळवशीला (वेळ अमावस्येला) अख्खी खानदानं रानात जातात, कडब्याची कोप करतात, भज्जी-आंबील, लेकी-जावई सगळे. ती हौसच की.

मालदांडी
येळवस पूजा आहे, आणि दिवे लागायच्या आत सगळे घरी. रात्री रानात फक्त राखणीला जाणारा माणूस झोपतो.

पंढरीची_वाट
वस्तीला! 'वस्तीला जाणे' आहे की. लहानपणी मामाकडं जाताना आई विचारायची, वस्तीला राहणार का परत येणार? एका रात्रीसाठी याहून नेमका शब्द नाही. 'उजनीला वस्ती.' तंबू सांगायचीच गरज नाही, छप्पर कशाचं का असेना.

शब्दशुद्धी
वस्ती चालेल. संस्कृत वसति.

शेंगाचटणी
शब्दशुद्धी यांनी काहीतरी पास केलं, तारीख लिहून ठेवा.

भीमेकाठचा
आमच्याकडं वस्ती म्हणजे रानातली चार घरं. पवार वस्ती, माने वस्ती. 'उजनीला वस्ती' वाचून लोक म्हणतील जावयानं तिथं प्लॉट घेतला.

सोलापूरचा_जावई
सासऱ्यांना वाचून दाखवलं. वस्ती त्यांना पसंत, पण चुलतसासरे म्हणाले आता बदलू नका, आमच्या पोरांनी ग्रुपचं नाव 'जनावरांची छावणी' करून टाकलंय आणि डीपीला बैल लावलाय. साडू रुसलेत, त्यांच्या शिबिराला कुणी लाईक दिलं नाही.

पद्माक्का
साडूला सोलापुरात साडभाऊ पण म्हणतात ना? आमच्याकडं तेलुगूत तोडल्लुडू.

लष्कर_बझार
साडभाऊ वेगळा शब्द नाही, साडूच, नुसता भाऊ जोडलाय मान म्हणून.

पंढरीची_वाट
मान म्हणून नाही, बरोबरीचा म्हणून. दोघं एकाच घरचे जावई, मान कोण कुणाला देणार?

शेंगाचटणी
ते जाऊ द्या, जेवायला काय आहे? उजनीवर जाऊन चिलापी नाही खाल्ली तर गेला कशाला.

भीमेकाठचा
चिलापी आहे तर. तळून आणि कालवण दोन्ही करा.

शब्दशुद्धी
तो मासा तिलापिया आहे. चिलापी हा अपभ्रंश.

भीमेकाठचा
साहेब भिगवणला येऊन तिलापिया मागून बघा. कोळी तुम्हाला दुसऱ्या दुकानात पाठवील.

मालदांडी
आणि कालवण नाही, रस्सा. कालवण वांग्याचं.

भीमेकाठचा
रस्सा मटणाचा. माशाचं कालवणच. हे तुम्हाला कुणी शिकवलं?