मदत हवी आहे: कंपनीच्या सर्व्हरसाठी दोनशे टीबी जागा, परवडेल अशी

बिंदूमेघ:
नमस्कार मंडळी. आमची कंपनी ड्रोनने जमिनीचं सर्वेक्षण करते. माणसं मोजकी, आयटी विभाग म्हणजे मी आणि एक अर्धवेळ सहकारी. आज घडीला १६० टीबी डेटा आहे आणि दर महिन्याला साधारण ४ टीबी वाढतो. ड्रोनचे कच्चे फोटो ७० टीबी, पॉइंट क्लाउड (जमिनीचे त्रिमितीय बिंदू) ६० टीबी, बाकी ऑर्थो नकाशे (फोटो जोडून केलेले), रिपोर्ट आणि सॉफ्टवेअरचा पसारा. हे सगळं दोन जुन्या एनएएस (नेटवर्कवरून वापरायच्या स्टोरेज) पेट्यांत आहे. प्रत्येकीत ८ टीबीच्या १२ डिस्क, दोन्ही रेड ५ वर (गटातली एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), दोन्ही नव्वद टक्क्यांच्या वर भरलेल्या.

समोर आलेले पर्याय असे. एका विक्रेत्याने नामांकित कंपनीच्या तयार स्टोरेजचं कोटेशन दिलंय. त्यात डिस्कही त्यांच्याच घ्याव्या लागतात आणि देखभालीचा वार्षिक करार वेगळा. दुसरा पर्याय म्हणजे ३६ कप्प्यांचा सर्व्हर घेऊन त्यावर ट्रूनॅस हे स्टोरेजचं सॉफ्टवेअर टाकायचं. तिसरा, सगळं क्लाउडवर. चौथा साहेबांचा: यूएसबी डिस्क आणा आणि कपाटात ठेवा. शिवाय त्यांचा प्रश्न असा की बाजारात डिस्क एवढ्या स्वस्त असताना हे कोटेशन एवढं फुगलेलं कसं? मला याचं धड उत्तर देता आलेलं नाही. अनुभवी लोकांनी कृपया मार्गदर्शन करावं.

रॅकधारी:
ताकाला जाऊन भांडं लपवू नका राव. १६० पैकी रोज हात लागतो असा डेटा किती? सर्व्हर एक दिवस बंद पडला तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे दुसरी प्रत कुठे आहे? धाग्यात बॅकअपचा ब सुद्धा दिसत नाही.

बिंदूमेघ:
रोजच्या वापरातला १५ टीबी असेल. जुन्या प्रकल्पांची आठवण ग्राहकाला वर्षाकाठी एखाद-दोनदा होते. एक दिवस बंद चालेल, पण डेटा गेलेला चालणार नाही, कारण करारानुसार कच्चे फोटो पाच वर्षं जपायचे आहेत. अंतिम नकाशे बाहेरच्या डिस्कवर असतात. कच्च्या फोटोंची दुसरी प्रत नाही, मी आलो तेव्हापासून हीच घडी आहे. सर्व्हर खोलीत १० गिगाबिटचा स्विच आहे, बाकी ऑफिस १ गिगाबिटवर. इंटरनेटचा अपलोड १०० एमबीपीएस.

पॅरिटी_बिट:
साहेबांच्या प्रश्नापासून सुरू करतो. डिस्क स्वस्त आहेत हे खरंच आहे. पण तुम्ही विकत घेताय ती डिस्क नव्हे, "डिस्क मेली तरी काम चालू राहील" ही खात्री. पॅरिटीच्या डिस्क (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत उभा करण्यापुरती जास्तीची जागा), दुसरी प्रत, सुट्या डिस्क, चोवीस तासांची वीज आणि थंडावा हे सगळं त्यात येतं. ३.५ इंची डिस्क नुसती फिरत असली तरी ५ ते ७ वॉट खाते. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये यावर ब्रँडचा वाटा आणि "रात्री फोन केला तर माणूस येईल" याची किंमत असते. तुम्हाला एक दिवस बंद चालतंय म्हटल्यावर तो माणूस तुम्हाला नकोय. म्हणून दुसरा पर्याय.

आता रेड ५. १२ डिस्कपैकी एक गेली की नवी भरण्यासाठी उरलेल्या अकराही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे ८८ टीबी. साध्या वर्गातल्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचं प्रमाण बहुधा १२.५ टीबी वाचनामागे एक असं दिलेलं असतं. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात, त्यामुळे इंटरनेटवर "रेड ५ मेलं" म्हणून जो आरडाओरडा असतो तो अर्धा सोडून द्या. उरलेला अर्धा मात्र खरा आहे. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या डिस्कवर नेमका सगळ्यात जास्त ताण पडतो तो याच वेळी, आणि दुसरी गेली की खेळ खल्लास. २० टीबीची डिस्क २५० एमबी प्रति सेकंदाने सलग लिहिली तरी २२ तास लागतात. वर ऑफिसचं काम चालू असेल तर काही दिवस धरा.

त्यामुळे ट्रूनॅसमधली झेडएफएस ही फाइल सिस्टिम आणि तिचं रेडझेड२, म्हणजे गटातल्या दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो. २० टीबीच्या १२ डिस्कचा एक गट केला की दोन पॅरिटीत जाऊन २०० टीबी उरतात. सॉफ्टवेअरला ते १८२ दिसतील, कारण डिस्कवाले हजाराने मोजतात आणि संगणक १०२४ ने. ८० टक्क्यांच्या वर भरू नका, म्हणजे हाती १६० टीबी. मग २४ कप्पे मोकळे राहिले ना, ते मोकळेच ठेवा. सगळ्या डिस्क आज घेऊ नका. दोन वर्षांनी त्याच पैशात मोठी डिस्क मिळेल, तेव्हा दुसरा १२ चा गट जोडा. ओपनझेडएफएस २.३ पासून चालू गटात एकेक डिस्कही वाढवता येते, पण आधीचा डेटा पुन्हा लिहिला जाईपर्यंत जुन्याच पॅरिटी प्रमाणात राहतो. म्हणून मी तरी अख्खा गट जोडणंच पसंत करतो.

खरेदीच्या वेळी पाहायचं:
- डिस्क सीएमआर हवी, म्हणजे ट्रॅक सुटे असलेली. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, पुन्हा भरताना ती रडवते. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीच्या खास एनएएससाठी विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये न सांगता एसएमआर निघालं होतं आणि बराच गदारोळ झाला होता. मॉडेल नंबर टाकून खात्री करा, खोक्यावर विसंबू नका.
- रेड स्वतः सांभाळणारं रेड कार्ड नको, आयटी मोडमधलं साधं एचबीए घ्या, म्हणजे डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड. रेड कार्ड मेलं की तसंच दुसरं शोधत फिरावं लागतं. झेडएफएसचा पूल कुठल्याही यंत्रात जोडून उघडता येतो.
- मेमरी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी). एलझेड४ कॉम्प्रेशन चालू. डीडुप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) बंद, तुमच्या फोटोंत त्याला काही सापडणार नाही आणि मेमरी तेवढी खाईल.
- एसएएस आणि साटा हे डिस्क जोडायचे दोन प्रकार. एसएएस बॅकप्लेनवर (डिस्क बसतात त्या पाटीवर) साटा डिस्क चालतात, उलटं चालत नाही.
- डिस्क दोन वेगवेगळ्या बॅचमधून घ्या. एचपीई या सर्व्हर कंपनीने २०१९ मध्ये आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअरमधल्या चुकीमुळे ३२,७६८ तास भरले की डिस्क बंद, डेटासकट. एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क मग एकाच दिवशी जाणार, तिथे रेडझेड२ काय करणार?

रॅकधारी:
+१. फक्त एक भर. हे सगळं करूनही ती एकच प्रत आहे. कोणी चुकून फोल्डर उडवलं किंवा रॅन्समवेअर शिरलं तर पॅरिटी ते इमानेइतबारे उडवून देते. स्नॅपशॉट (डेटाची त्या त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) लावा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली हवी.

फीतवाला:
दुसऱ्या प्रतीसाठी टेप. हसू नका. एलटीओ हा टेपचा प्रकार, त्याच्या नवव्या पिढीच्या म्हणजे एलटीओ-९ च्या एका फितीत १८ टीबी बसतात. खोक्यावर ४५ लिहिलेलं असतं, तो आकडा अडीचपट कॉम्प्रेशन गृहीत धरून आहे. जेपेग आधीच दाबलेलं असतं, तुम्हाला १८ च मिळणार. ड्राइव्ह महाग, फीत स्वस्त. त्यामुळे ३०-४० टीबीसाठी टेप म्हणजे नसता खर्च, शंभराच्या पुढे गणित फिरतं. कपाटात ठेवलेली फीत वीज खात नाही आणि रॅन्समवेअरला तिथे पोहोचता येत नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. हा ड्राइव्ह ४०० एमबी प्रति सेकंदापर्यंत लिहितो. १ गिगाबिट नेटवर्कवरून त्याला जेमतेम ११० मिळतात. मग तो थांबतो, फीत मागे घेतो, पुन्हा पुढे जातो. फितीचं आणि हेडचं आयुष्य त्यात जातं. ड्राइव्ह एसएएसने थेट सर्व्हरलाच जोडा. आणि एलटीओ-९ ची कोरी फीत पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं मोजमाप करत बसतो, कधी कधी दोन तासांपर्यंत. बिघडला समजून बंद करू नका.

ढगातून:
फीतवाले, दोन माणसांच्या आयटीत दर आठवड्याला फीत कोण बदलणार? सुट्टीत कोण? त्यापेक्षा अॅमेझॉनच्या एस३ क्लाउडचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह, क्वचित लागणाऱ्या डेटासाठीचं. ठेवायचं भाडं नगण्य, डिस्क मरायची चिंता त्यांची.

रॅकधारी:
ठेवायचं भाडं नगण्यच आहे, पण काढायचं विचारा. जाहीर दरपत्रकात एक जीबी इंटरनेटवरून बाहेर आणायला जे पडतं, त्यात तोच जीबी डीप आर्काइव्हमध्ये सात वर्षं राहतो. १८० दिवसांच्या आत पुसलं तरी १८० दिवसांचे पैसे लागतात, आणि मागितलेली फाइल समोर यायला १२ तास, स्वस्त दरात ४८ तासांपर्यंत. धागाकर्त्याचा अपलोड १०० एमबीपीएस, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त एक टीबी. १६० टीबी चढवायला पाच महिने, तेही ऑफिसने इंटरनेट वापरलं नाही तर.

ढगातून:
अपलोडचा मुद्दा मान्य. सगळं नका चढवू, पण चालू प्रकल्पांचे कच्चे फोटो तरी रोज रात्री जाऊ देत. महिन्याच्या ४ टीबीला तुमची लाइन पुरते. आग लागली तर सर्व्हर आणि फितींचं कपाट एकाच इमारतीत असतं हे विसरू नका.

भूमापक:
तुम्ही सगळे डिस्कवर बोलताय. पॉइंट क्लाउड ६० टीबी वाचून मी अडखळलो. ते एलएएस फाइली आहेत की त्यांचंच दाबलेलं रूप, एलएझेड?

बिंदूमेघ:
एलएएस. ग्राहकाला तेच लागतं म्हणून तसेच ठेवतो.

भूमापक:
ग्राहकाला देताना उलगडून द्या की! एलएझेड पूर्ण लॉसलेस आहे, एकही बिंदू इकडचा तिकडे होत नाही, आणि आकार साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. बहुतेक सॉफ्टवेअर ते थेट उघडतात. रूपांतर झाल्यावर एकदा उलट उलगडून मूळ फाइलशी ताडून बघा, मगच एलएएस पुसा. ऑर्थोचे जिओटिफ (नकाशाच्या चित्रफाइली) बिनदाबलेले असतील तर त्यांनाही डिफ्लेट कॉम्प्रेशन लावा. जेपेगच्या नादी लागू नका, तिथून काही सुटत नाही. आणि फोटोग्रॅमेट्रीच्या (फोटोंवरून मोजमाप करण्याच्या) प्रोजेक्ट फोल्डरमध्ये डेप्थ मॅपसारख्या मधल्या फाइली तुंबलेल्या असतात. फोटो आणि प्रोजेक्ट फाइल शाबूत असेल तर त्या पुन्हा तयार होतात.

पॅरिटी_बिट:
हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. वाचनखूण साठवली.

बिंदूमेघ:
मंडळी, मनापासून आभार. भूमापक, एका प्रकल्पावर करून पाहिलं: ४१० जीबीचे एलएएस ६२ जीबीत आले, उलट ताडून पाहिले, तंतोतंत जुळले. मधल्या फाइली शोधल्या तर ९ टीबी निघाल्या. हिशोबाने १६० चे १०५ च्या आसपास होतील आणि महिन्याची वाढही अडीच टीबीवर येईल.

साहेबांशी बोललो. ३६ कप्प्यांचा सर्व्हर घेतोय, आत्ता फक्त १२ डिस्क आणि एक सुटी. डेटा तिकडे गेला की जुन्या दोन्ही पेट्या रेड ६ वर (दोन डिस्क गेल्या तरी चालतं) नव्याने बांधणार आणि आमच्या दुसऱ्या ऑफिसात दुसरी प्रत म्हणून ठेवणार. दोन्ही मिळून १६० टीबी होतात, काही काळ पुरतील. चालू प्रकल्पांचे फोटो रोज रात्री क्लाउडवर. यूएसबी डिस्कचा विषय साहेबांनी स्वतःच मागे घेतला.

टेपचं मात्र अडलंय. नवा एलटीओ-९ ड्राइव्ह बजेटमध्ये बसत नाही. वापरलेला एलटीओ-८ मिळतोय. घ्यावा का?

फीतवाला:
एलटीओ-८ ला १२ टीबीच्या फिती लागतील, म्हणजे १०५ साठी नऊ. चालेल. पुढे एलटीओ-९ घेतलात तर तो या फिती वाचतोही आणि त्यांवर लिहितोही, त्यामुळे फितींचे पैसे वाया जाणार नाहीत. त्याच्या पुढच्या पिढीवर उडी मारायची झाली तर मात्र आधी सुसंगती तपासा. वापरलेला घेताना विक्रेत्याकडून ड्राइव्हचा लॉग मागा. त्यात किती तास चालला आणि किती डेटा लिहिला ते दिसतं. साफसफाईचा दिवा वारंवार लागत असेल तर हात लावू नका. आणि पैसे देण्याआधी त्यांच्याच यंत्रावर एक फीत पूर्ण भरून, परत वाचून, चेकसम (डेटा तंतोतंत तोच आहे ना हे सांगणारा आकडा) जुळवून मागा. पूर्ण फीत लिहायला नऊ-दहा तास लागतात. त्याला तयार नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

बिंदूमेघ:
लॉग मागवलाय. आला की इथेच टाकतो.